बंपरवरचा आर्शिवाद

यशोधरा: अण्णा, तो डबा खाली ठेवा. झाकण उघडू नका.

बाजीराव: अगं थिनर हाय यशे, नाग न्हाई. सारी हयात गेली माझी ह्या वासात. एक फडका मारतो, तुझ्या गाडीचा बंपर कोरा करकरीत.

यशोधरा: पत्र्यावर मारा, लाकडावर मारा. हा बंपर प्लास्टिकचा आहे.

बाजीराव: आसंना का. वरचा रंग तर माझाच हाय? माझा रंग माझ्या थिनरला बरोबर वळखतो.

यशोधरा: रंग ओळखेल हो. खालच्या प्लास्टिकची आणि थिनरची कुठं ओळख आहे?

चिमाबाई: आवं, ठिवा म्हनती तर ठिवा की. आन आधी ती बिडी टाका. हातात थिनर, तोंडात इस्तू! पोरीची गाडी जाळताय का?

बाजीराव: टाकली, टाकली. तू बोलू नको चिमे. काल संध्याकाळी मी लिव्हत व्हतो तवा रंगाची वाटी धरून माझ्या शेजारी कोण हुबं व्हतं? तवा न्हाई म्हनलीस पोरीची गाडी!

चिमाबाई: मला काय ठावं तुमी काय गिरवताय? मला कुठं वाचता येतंय? मला वाटलं पोरीचं नाव घालताय. सकाळी हिनं वाचून दावलं तवा कळलं. 'वडिलांचा आर्शिवाद'. वडिलांचाच का वो? मी काय हिला नारायणगावच्या बाजारातनं आणली व्हती?

बाजीराव: अगं, वडील म्हंजे वडीलधारी. त्यात तूबी आलीस.

चिमाबाई: मग 'आईचा' लिव्हायचं. त्यात तुमी आला असता.

यशोधरा: आई, पहिल्या शब्दाचं भांडण तुम्ही दोघं नंतर करा. मला आधी दुसरा शब्द काढायचाय.

बाजीराव: दुसऱ्याचं काय झालं आता? नर्स झालीस, सोताच्या पगाराची गाडी घेतलीस, म्हनून बापाचा आर्शिवाद नको झाला व्हय?

यशोधरा: आशीर्वाद पाहिजे अण्णा. आर्शिवाद नको.

बाजीराव: मग मी काय म्हनतोय?

यशोधरा: तुम्ही म्हणताय तेच लिहिलंय, तीच तर अडचण आहे. अण्णा, तो शब्द चुकलाय.

बाजीराव: चुकलाय? बाजीराव पेंटरचा शब्द चुकलाय? यशे, जुन्नरपासनं घोडेगावपतुर जेवढे टेम्पो पळत्यात, त्यातल्या निम्म्यांच्या पाठीवर माझा हात हाय. 'आईचा आर्शिवाद', 'बाबांचा आर्शिवाद', 'मामांचा आर्शिवाद'. एकानं तरी गाडी परत आणली का, चुकलंय म्हनून?

यशोधरा: टेम्पो वाचून कोण घेतं?

बाजीराव: आन मंगल कार्यालय? 'शुभ आर्शिवाद मंगल कार्यालय'. केवढी पाटी! मी चार दिस शिडीवर लटकून लिव्हलीय. त्या पाटीखालनं जेवढी जोडपी गेली तेवढी नांदत्यात.

चिमाबाई: सखूबाईची पोर आली परत.

बाजीराव: ती पाटीमुळं न्हाई आली!

यशोधरा: हे बघा, आमच्या साधना सिस्टरनी पाठवलंय. सकाळी मी पेट्रोल भरायला गेले तेव्हा त्या माझ्या मागं स्कूटरवर होत्या. फोटो काढून थेट दवाखान्याच्या ग्रुपवर टाकला. मी येऊन बघते तर ही सगळी हसरी तोंडं. डॉक्टरांचं पण आहे त्यात एक.

बाजीराव: आनंद झाला आसंल त्यास्नी.

यशोधरा: खाली वाचा ना. 'सिस्टर, हे कोणतं इंजेक्शन?'

चिमाबाई: बया! इंजेक्शनचं नाव वाटलं व्हय त्यास्नी?

यशोधरा: ते जाऊ दे. ते हसतील आणि विसरतील. पण दुपारी मला डिंगोऱ्याला जाऊन ज्ञानेश्वर गुरुजींना आणायचंय. घोडेगावात त्यांचा सत्कार आहे, शाळेतल्या आम्ही सगळ्या जुन्या मुलांनी ठेवलाय. 'गुरुजींना माझ्या गाडीतून आणते' असं मीच मोठ्या तोंडानं सांगून बसलेय. मराठी शिकवलंय त्यांनी मला. लग्नाची पत्रिका आली तरी लाल पेनानं खुणा करून परत पाठवणारा माणूस तो. आणि ते काय करतील माहितीय? गाडीत बसायच्या आधी गाडीच्या भोवती एक चक्कर मारतील. मागं येतील. चष्मा पुसतील.

चिमाबाई: आन मंग?

यशोधरा: मग मी कुठं तोंड लपवू?

बाजीराव: ज्ञानेश्वर मास्तर माझं अक्षर वळखतो. लई मान देतो मला. बाजारात भेटला की कवाबी म्हनतो, 'बाजीराव, अक्षर मोत्यासारखं तुमचं.'

यशोधरा: आणि पुढं काय म्हणतात?

बाजीराव: पुढं काय न्हाई म्हनत. जरा हुबा राहतो. मग खोकतो. आन जातो.

यशोधरा: अण्णा, बसा इथं पायरीवर. माझ्यामागून सावकाश म्हणा. आ.

बाजीराव: मी काय बालवाडीत हाय?

यशोधरा: म्हणा तर. आ.

बाजीराव: आ.

यशोधरा: शी.

बाजीराव: शी.

चिमाबाई: सकाळी सकाळी काय ह्ये.

यशोधरा: आई, गप्प! आता र. आणि मग वाद. आ-शी-र्-वाद. र कुणाच्या नंतर आला?

बाजीराव: शीच्या.

यशोधरा: मग रफार कुणाच्या डोक्यावर बसायला पाहिजे?

बाजीराव: पुढच्याच्या. वा-च्या.

यशोधरा: आणि तुम्ही कुणाच्या डोक्यावर बसवलाय?

बाजीराव: थांब. पुन्यांदा म्हन.

यशोधरा: आ-शी-र्-वाद.

बाजीराव: आ-शी... माझ्या उस्तादानं आसाच शिकिवला. मधल्या अक्षरावर रफार, पतंगावानी. त्यो म्हनायचा, मधी टाकला की शब्दाचा तोल राहतो.

यशोधरा: दिसतो हो छान. आणि शी दीर्घ पाहिजे.

बाजीराव: म्हंजे एका शब्दात दोन?

यशोधरा: दोन.

बाजीराव: आरं देवा.

चिमाबाई: आता 'आरं देवा' कशाला? तुमच्या बापानं धम्म घेतला तवापासनं देव न्हाई आपल्या घरात.

बाजीराव: आज लागला थोडा. चिमे, टेम्पो जाऊ दे. टेम्पो पळत्यात, कुणाला वाचायला घावत न्हाईत. पन ती कार्यालयाची पाटी हुबीच हाय की गं रस्त्याच्या कडंला. येता-जाता मास्तर त्याच रस्त्यानं जायचा शाळंला. सायकलवर. म्हंजे त्यो रोज...

यशोधरा: अण्णा, ते नंतर. आधी हे काढू. वेळ जातोय.

बाजीराव: काढायचंच ना? मग सोड मला. पॉलिश पेपर मारतो. न्हाईतर ब्लेडनं खरवडतो. न्हाईतर जाळाची बत्ती लावली की रंग फुगून पापडावानी निघतो, दारं मी आशीच सोलायचो.

यशोधरा: दार लाकडाचं होतं! जाळानं हा बंपर वाकेल. पेपरनं कायमचे ओरखडे पडतील, मग रंग नाही पण चरे दिसतील. काही म्हणजे काही लावायचं नाही अजून.

चिमाबाई: मी तारेची घासणी आणू? करपलेलं पातेलं आसं लखलखतं.

यशोधरा: आई, पातेलं आहे का हे!

बाजीराव: थिनरनं काय व्हत न्हाई गं. उगा भ्या घातलंय तुला कुणीतरी. हे बघ, हितं झाकण पडलंय प्लास्टिकचं, ह्याच्यावर टाकून दावतो. थेंबभर. बघ. झालं का काय? हाय तसं हाय. पुसतो आता फडक्यानं... आरं.

यशोधरा: काय झालं?

बाजीराव: फडकं चिकाटलं.

यशोधरा: बघू. पांढरं पडलं सगळं. तुमच्या बोटाचा ठसा उमटलाय त्यात.

चिमाबाई: आवं! माझ्या लोणच्याच्या बरणीचं झाकण हाय त्ये! धुऊन वाळत टाकलं व्हतं! काल पोरीची गाडी, आज माझी बरणी. आता घरावरची टाकी तेवढी राहिली प्लास्टिकची, तिच्यावरबी चढा.

यशोधरा: बघितलंत? सगळी प्लास्टिकं सारखी नसतात. एखाद्याला काही होत नाही, एखादं विरघळतं. बंपर कसलाय ते तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही.

बाजीराव: बरं, पटलं. तू शिकलेली हायेस, तू सांगशील तसं... यशे, ह्ये काय? ह्या मागच्या लाईटीला काय झालं? पांढरट ढब्बा कसला? मोतीबिंदू झाल्यावानी दिसतंय.

यशोधरा: कुठं? ते... होतंच ते आधीपासून.

बाजीराव: काल मी तुझी लाईट फडक्यानं पुसलीय. काल नव्हतं.

यशोधरा: नव्हतं.

बाजीराव: मग?

यशोधरा: तुमच्या 'द'ची शेपटी लाईटवर गेली होती ना. सकाळी ग्रुपवरचं वाचलं, डोकं फिरलं, तशीच आत गेले आणि नेलपॉलिश काढायची बाटली आणली. कापसानं चोळलं. रंग निघाला आणि काचेची चमक पण निघाली. काच म्हणजे, तीही प्लास्टिकच निघाली.

चिमाबाई: दोघंबी एकाच माळंचं मणी.

बाजीराव: मी झाकणावर करून बघितलं. हिनं सरळ गाडीवर!

यशोधरा: हसा. हसा अण्णा. म्हणून तर म्हणतेय थांबा. एकदा हात पोळलाय माझा.

बाजीराव: न्हाई हसत. बोल, काय करायचं?

यशोधरा: लाईटचं असं झाल्यावर मग गॅरेजवाल्या आदेशला फोन केला. तो म्हणाला, ताई, रंग कालचाच आहे, अजून आतून ओला असेल, घाबरू नका. गाडी सावलीत घ्या, तापलेल्या बंपरला हात लावू नका. आधी कोमट पाण्यानं आणि साबणानं धुवा, धूळ राहिली तर तीच ओरखडे पाडते. मग स्पिरिट. आपल्याकडं करोनातल्या सॅनिटायझरच्या बाटल्या पडल्यात ना कपाटावर, त्यात तेच असतं. आणि ते पण आधी बंपरच्या आतल्या कडेला, जिथं कुणाला दिसत नाही तिथं लावून बघायचं. तासभर थांबायचं नाही, पण जरा थांबायचं. प्लास्टिक चिकट झालं, पांढरं पडलं, तर हात आवरता घ्यायचा.

चिमाबाई: मी पानी ठिवते. बाटल्या म्या फेकून द्याया काढल्या व्हत्या, ह्यांनीच ठिवल्या. म्हनं, पुन्यांदा आला तर?

बाजीराव: आला का न्हाई कामाला?

यशोधरा: हे हातमोजे घाला. मोकळ्यावर बसा, वाकून वास घेऊ नका. आणि खिशातलं बिडीचं बंडल आईकडं द्या.

बाजीराव: तुझ्या वॉर्डात पेशंट कसं जगत्यात काय म्हाईत.

चिमाबाई: घ्या, पानी. लई कढत न्हाई केलं.

(तिघं बंपरला भिडतात. बंपर धुऊन होतो; बाजीराव आतल्या कडेला स्पिरिट लावतात.)

यशोधरा: आतल्या कडेला बघा. काळं ते काळंच आहे ना? बोट लावा.

बाजीराव: चिकट न्हाई. कोरडं हाय.

यशोधरा: मग आता वरती. थोडं थोडं घ्या. फडक्यावर ओता, बंपरवर नाही. एका वेळी एकच अक्षर.

बाजीराव: कंचं आधी?

चिमाबाई: 'वडिलांचा'.

बाजीराव: लई घाई तुला.

यशोधरा: निघतंय! आई, बघ, रंग मऊ पडला. आता खरवडायला काहीतरी पाहिजे, पण लोखंडाचं नको. प्लास्टिकचंच.

बाजीराव: ह्ये घे. बँकेचं जुनं कार्ड. मशिनीनं गिळून थुकलेलं. आता तरी कामाला येऊ दे.

यशोधरा: कड आडवी धरा, टोचू नका. आणि ह्या बारीक दाण्यांमध्ये अडकलाय ना, तिथं दात घासायचा जुना ब्रश. मऊ.

चिमाबाई: ह्यो घ्या. ह्यो ह्यांचाच हाय.

बाजीराव: जुना?

चिमाबाई: आता झाला.

यशोधरा: अण्णा, तुमचा हात बघा कसा चालतोय. रंग लावल्यासारखाच काढताय.

बाजीराव: कडंनं आत जायाचं. लिव्हताना मधनं कडंला, पुसताना कडंनं मधी. न्हाईतर फासतं सगळीकडं. 'वडिलांचा' गेला बघ. चिमे, झालं तुझ्या मनासारखं?

चिमाबाई: माझं कसलं मन. मी आपलं बोलायचं म्हनून बोलले. तुमीबी एवढं जिवाला लावून घेता. यशे, ह्यो मानूस काल दुपारी जेवला न्हाई तुझ्या गाडीपायी.

बाजीराव: चिमे.

चिमाबाई: सांगू द्या की. फ्लेक्स निघाल्यापासनं ह्यांना कोन बोलावतंय? बरश्या माळ्यावर टाकल्या व्हत्या बांधून. तू गाडी घेऊन यायची म्हनल्यावर खाली काढल्या. केस सगळं दगडावानी झालेलं. रॉकेल नव्हतं, तर त्या सुदर्शनच्या रंगाच्या दुकानातनं काय काय आणून भिजवत बसले. मग पेपरावर गिरवलं. एक पेपर, दोन पेपर. हात थरथरतो ना आता. मनगटाला फडकं बांधून घेतलं माझ्याकडनं, आन मग बसले तुझ्या बंपराम्होरं.

यशोधरा: मला नाही सांगितलंत.

बाजीराव: सांगायचं काय त्यात? गाडी दारात आली. कोरीच हुबी. कोरी गाडी बघून हाताला कसं तरी व्हायला लागलं. आख्ख्या तालुक्याच्या गाड्यांवर लिव्हलं, आन घरची गाडी कोरी? लोक म्हनले असते, पेंटर मेला वाटतं.

यशोधरा: अण्णा...

बाजीराव: तू घास. 'आ' राहिलाय. वाळला तर पुन्यांदा मेहनत.

यशोधरा: मी एक म्हणू? तुम्ही रंगवलेलं ते मधलं कमळ राहू दे. ते चुकलेलं नाही. छान आहे किती. एकेक पाकळी सारखी.

चिमाबाई: राहू द्या की वो. नाजूक हाय.

बाजीराव: न्हाई.

यशोधरा: का? गुरुजींना कमळात काय चूक सापडणार?

बाजीराव: चुकीचं न्हाई गं. कमळ कशासाठी आस्तंय? दोन शब्दांच्या मधी, श्वास घ्यायला. शब्दच न्हाईत आता. नुसतं कमळ म्हंजे दुकान मोडून पाटी ठिवल्यावानी. दे ते फडकं हिकडं. मीच काढतो, तुझ्यानं पाकळी फासंल.

यशोधरा: काढलंत पण. एका झटक्यात.

बाजीराव: काढायला काय. घालायला येळ लागतो. आता सगळा बंपर साबणाच्या पान्यानं धू, स्पिरिट राहू देऊ नको त्याच्यावर. आसं आदेशनं सांगितलं का न्हाई?

यशोधरा: सांगितलं होतं. मीच विसरले.

बाजीराव: सांगणारच. रंग काढल्यावर धुवायचं आस्तंय, ते सगळ्याला सारखंच.

चिमाबाई: गेला की वो सगळा! जरा फिकट दिसतंय तिथं, बाकी काय कळत न्हाई.

यशोधरा: वाळलं की आदेश कसलं तरी पॉलिश देणार आहे, काळं होईल परत. लाईटीचा डाग मात्र राहिला. तो माझा.

बाजीराव: राहू दे. कुनी इचारलं तर सांग, ह्यो डाग पेंटरच्या हातचा न्हाई.

यशोधरा: मी आवरते आता. साडी बदलते. गुरुजी वाट बघत बसतील ओट्यावर.

बाजीराव: यशे.

यशोधरा: काय?

बाजीराव: मीबी येऊ का डिंगोऱ्याला?

यशोधरा: गुरुजींना आणायला? तुम्ही?

बाजीराव: इचारायचंय त्याला. एवढी वर्सं सायकलवरनं जात व्हता त्या पाटीखालनं. लग्नाच्या पत्रिका परत धाडतो, साऱ्या गावाच्या चुका काढतो. मग माझ्याच पाटीला का न्हाई बोलला? दर खेपंला नुसतं 'अक्षर मोत्यासारखं'. आन खोकायचं.

चिमाबाई: भांडू नका तिथं. सत्कार हाय त्याचा.

बाजीराव: भांडत न्हाई. नुसतं इचारतो. काय म्हनल आसं वाटतं तुला, यशे?

यशोधरा: काय माहीत. बहुतेक खोकतील.

बाजीराव: खोकू दे. मी थांबतो मग.

चिमाबाई: जा तुमी दोघं. मी न्हाई येत, माझं लुगडं भिजलंय सगळं. आन सदरा बदला, कोपराला रंग लागलाय.

यशोधरा: येताना गुरुजी पुढं बसतील. जाताना तुम्ही बसा पुढं, माझ्या शेजारी.

बाजीराव: मी अजून बसलोच न्हाई न्हवं आत. कालपासनं गाडीच्या मागंच हाय.

यशोधरा: मग चला. दार उघडं आहे.

बाजीराव: चप्पल काढून बसू का?

यशोधरा: नको अण्णा. असू द्या पायात.